मांडीचे पट्टे

लग्नाकार्यात बायका विचारतात, "काय काम करतीस गं तू कंपनीत?" मी "सुपरवायझर हाय" म्हणते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत वाढायला उठते. खरं उत्तर चारचौघींत देण्यासारखं नाही. सकाळी परके पुरुष माझ्यापुढं रांगेत उभे राहतात आणि त्यांच्या मांड्यांचे पट्टे घट्ट आहेत की सैल, ते मी बघते. हे माझं काम.

जालन्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या मोठमोठ्या शेड उभ्या करणारे एक ठेकेदार आहेत, त्यांच्याकडे मी आहे. लोखंडाच्या गिरण्या, बियाणांची गोदामं, कापसाचं जिनिंग, जिथं उंच छप्पर घालायचं असेल तिथं आमची माणसं जातात. आधी मी तिथं स्टोअरला होते. नट-बोल्ट, वेल्डिंगच्या कांड्या, हातमोजे द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. मग मोठ्या कंपन्या म्हणायला लागल्या की तुमच्याकडं सेफ्टीचा माणूस असल्याशिवाय आमच्या गेटातून आत येऊ नका. ठेकेदार शेठनं माझं नाव पुढं केलं. शहरात जाऊन ट्रेनिंग घेतलं, आणि परत आले ती "बेल्टवाली मॅडम" होऊन.

बेल्ट म्हटलं की लोकांना कमरेचा पट्टा वाटतो. तसा एके काळी वापरत, आणि वरून पडलेल्या माणसाची कंबर त्यानंच मोडे. आताचा बेल्ट म्हणजे अंगभर पट्ट्यांचं जाळं. दोन पट्टे खांद्यांवरून, एक छातीवर, दोन मांड्यांभोवती, आणि पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध एक लोखंडी कडी. त्या कडीला दोरी, दोरीला हूक, आणि हूक वर ताणलेल्या तारेला. माणूस पडला की सगळा झटका या जाळ्यात वाटला जातो. त्यातला मोठा वाटा मांड्या उचलतात. झोक्यात बसल्यासारखा माणूस मांड्यांवर तोलला जातो आणि जगतो.

बेल्ट तपासायचा तर आधी पट्टा दोन्ही हातांत धरून उलटा वाकवायचा, म्हणजे आतला धागा तुटलेला असेल तर मिशीच्या केसासारखा वर येतो. शिलाई नखानं चाचपायची. कडीला गंज आहे का, हुकाची जीभ आपोआप मिटते का ते बघायचं. वेल्डरचे बेल्ट उन्हाकडं धरायचे. ठिणगीनं पडलेली भोकं मोहरीएवढी असतात, पण त्यातून उजेड दिसला की तो बेल्ट बाद. बाद झालेला बेल्ट तिथल्या तिथं कात्रीनं कापायचा. सुरुवातीला मी नुसते बाजूला टाकायचे, तर एकदा आमच्याच वेल्डरच्या शेतात त्या पट्ट्यांनी वासरू बांधलेलं दिसलं. वासराला काही हरकत नव्हती. पण दुसरा एक बेल्ट त्यानं भावाला पाण्याच्या टाकीवर चढायला दिला होता, तेव्हापासून कात्री.

इथवर सगळं सोपं. अडचण पुढं असते, बेल्ट माणसाच्या अंगावर चढल्यावर. मांडीचा पट्टा असा बसायला हवा की आत सपाट तळहात जावा, पण मूठ केली तर अडकावी. मूठ सहज फिरली तर पट्टा सैल. आता हे बघायचं कोणी? ट्रेनिंगमध्ये शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "ओढून बघायचं." आमच्या वर्गात मी एकटी बाई. सगळे माझ्याकडं वळून हसले, आणि मीही हसल्यासारखं केलं.

पहिल्या दिवशी मी रांगेपुढं उभी राहिले तेव्हा मला घाम फुटला होता. रांगेतलेही एकमेकांना कोपरानं ढोसत होते. आमचा सगळ्यांत जुना फिटर रफिक पुढं आला, हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "भाभी, खेंचो बिनधास्त. जान अपनी हाय, शरम कायकू?" मी डोळे मिटून पट्टा ओढला. मागं कुणीतरी शिट्टी वाजवली. रफिकनं वळून त्याला जी शिवी दिली, तिच्यानंतर माझ्या रांगेत कधी शिट्टी वाजली नाही.

लाजेनं माणसं काय काय करतात, ते या कामात दिसलं. परतूरकडच्या एका जिनिंगच्या धुराड्याला गिलावा करायला एक म्हातारे मिस्त्री आले होते. धोतरवाले. धोतरावरून मांडीचा पट्टा बसतो कसा? सगळा बोंगा गोळा होतो. मी म्हटलं, "बाबा, असं न्हाई जाता येणार वर." ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, आयुष्यभर परांचीवर चढलो. आता ह्या वयात सगळ्यांदेखत धोतर फेडायला लावती का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी त्यांना वर पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नातवाची ट्रॅक पँट घालून, वरून टॉवेल गुंडाळून आले. बेल्ट चढवून होईपर्यंत टॉवेल धरून उभे राहिले आणि मग एकदम सोडला, न्हाणीतून बाहेर पडल्यासारखा. कुणी हसलं नाही. मीही दुसरीकडं बघितलं.

मग मी एक युक्ती काढली. मी हात लावायचाच नाही. ज्याचा त्यानं आपला तळहात घालायचा, मूठ करायची, आणि अडकली की मला दाखवायची. मी फक्त मुठीकडं बघणार. माणसांना बरं वाटलं, मलाही. कामाचा अभिमान वाटायला लागला तो तिथून.

पण रांगेत एक माणूस असा होता, ज्याच्या मुठीकडंही मी बघू शकत नव्हते. ते माझे थोरले दीर.

रामराव त्यांचं नाव. आम्ही सगळे दादा म्हणतो. ठेकेदाराकडं ते मुकादम, वरच्या कामाची पूर्ण टोळी त्यांच्या हाताखाली. मला स्टोअरमध्ये चिकटवलं ते त्यांनीच, आणि सेफ्टीसाठी शेठला माझं नाव सुचवलं तेही त्यांनीच. आमच्याकडं, अंबड तालुक्यात, धाकटी भावजय थोरल्या दिरापुढं डोकं उघडं ठेवत नाही, समोरासमोर बसत नाही, बोलायचं तर मधे कुणाला तरी घालून बोलते. "त्यांना म्हणावं जेवायला बसा." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी त्यांच्याशी सरळ चार वाक्यंसुद्धा बोलले नव्हते. साइटवर ते आले की मी ओढणी डोक्यावरून घ्यायचे. डोक्यावर हेल्मेट असायचं, म्हणून हेल्मेटवरून घ्यायचे. बाहेरगावचे कामगार ते ध्यान बघून गालात हसायचे.

दादा रांगेत कधी लागले नाहीत. बेल्ट अंगावर टाकून लांबूनच "हाय बराबर" म्हणायचे आणि शिडीला लागायचे. ते पाठमोरे चढत असताना मला दिसायचं की मांडीचे पट्टे लोंबतायत. बक्कल लागलेलं, पण पट्टा गुडघ्याकडं ओघळलेला. मी रफिकला म्हणायचे, "दादांचं तेवढं बघून घ्या." रफिक मुकादमाला काय बोलणार? तरी तो वर गेल्यावर गंमत करत करत ओढायचा. दादा त्याला झिडकारायचे. असं चालून गेलं. मी दुसऱ्यांचे बेल्ट मिशीच्या केसाएवढ्या धाग्यापायी कापत होते आणि घरच्या माणसाच्या लोंबत्या पट्ट्यांपुढं मान वळवत होते. मांडी हा शब्द त्यांच्यासमोर मी आयुष्यात उच्चारला नव्हता. तो उच्चारायचा कसा, हेच मला कळत नव्हतं.

त्या दिवशी काम परतूरजवळच्या एका जुन्या जिनिंगचं होतं. गोदामाचे पत्रे बदलायचे. गोदामाच्या एका अंगाला कापसाच्या गाठी थप्पी लावून ठेवलेल्या होत्या. जुन्या छपरात उजेडासाठी मधेमधे फायबरचे पत्रे बसवलेले असतात. नवे असताना ते काचेसारखे दिसतात, पण दहा वर्षांची धूळ बसली की पत्रा कोणता आणि फायबर कोणता ते वरून ओळखू येत नाही. आणि फायबर माणसाचं वजन पेलत नाही. म्हणून रफिक सकाळीच वर जाऊन तार ताणून बसला होता. दादांचा बेल्ट बघायला तो खाली नव्हता.

दादा शिडीकडं निघाले. मी मधे होते. शब्द तोंडाशी आले होते. मी ओढणी पुढं ओढली, जमिनीकडं बघत म्हणाले, "दादा, खालचं बघून घ्या."

"हं," म्हणाले आणि चढले.

खालचं. एवढंच मला म्हणता आलं.

चहाच्या सुट्टीच्या आधीची वेळ असेल. मी गोदामात दोरखंड गुंडाळत होते. वर तडकल्याचा आवाज झाला आणि छपरातून धुळीचा लोट घेऊन माणूस खाली आला. दोरी ताणली, तिच्यावरचं घडी घालून शिवलेलं, झटका खाणारं पाकीट टरटरत उसवलं, आणि माणूस मधेच थांबला. हवेत. तार टिकली, हूक टिकला, कडी टिकली, शिलाई टिकली. मी तपासलेलं सगळं टिकलं.

दादा होते. मांडीचे पट्टे सैल होते, म्हणून वजन मांड्यांवर आलंच नाही. सगळं जाळं वर सरकलं. छातीचा पट्टा गळ्याशी गेला, खांद्याचे पट्टे कानांशी. चेहरा काळानिळा पडायला लागला. आणि ते हात वर करून दोरी धरायला बघत होते. कुणीही तेच करील. पण सैल बेल्टात हात वर गेले की माणूस खालून सटकतो, अंगातून सदरा काढावा तसा. खाली सिमेंटची फरशी होती.

मी ओरडले, "दादा, हात खाली ठेवा!" त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडले. आवाज माझा वाटत नव्हता. "हात खाली! हात खाली ठेव म्हणते ना! कोपरं दाब!"

ठेव. दाब. थोरल्या दिराला अरे-तुरे. पण त्यांनी ऐकलं. कोपरं अंगाशी दाबली.

मी गाठींच्या थप्पीवर कशी चढले ते मला आठवत नाही. गाठींना लोखंडी पट्ट्या असतात, त्यांनी हातांना कापलं होतं ते नंतर दिसलं. थप्पीच्या कडेला गेले तर दादांचे पाय माझ्या कमरेच्या उंचीवर, पण हातभर लांब. वर रफिक छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैचीवर पालथा पडला होता. त्यानं दोरी धरून सगळ्या ताकदीनं माझ्या बाजूला ओढली. दादा झोका खाऊन माझ्याकडं आले आणि मी त्यांच्या दोन्ही मांड्यांना मिठी मारली. त्यांचे गुडघे माझ्या खांद्यावर घेतले आणि वर रेटलं. त्यांचं सगळं ओझं माझ्यावर आलं. गळ्याचा पट्टा ढिला झाला असावा, कारण वरून खोकल्याचा आवाज आला. मग श्वास. फाटक्या भात्यासारखा, पण श्वास.

खाली जिनिंगची सगळी माणसं जमली होती. हमाल, बाया, वजनकाट्यावरचा माणूस, आमची टोळी. कुणी शिडीसाठी पळत होतं, कुणी हायड्रा क्रेनवाल्याला हाका मारत होतं. माझं हेल्मेट कुठं पडलं होतं कोण जाणे, ओढणीचा पत्ता नव्हता, केस सुटले होते. माझा गाल त्यांच्या पँटीला दाबला गेला होता.

दादांना आवाज फुटला तेव्हा ते पहिला शब्द बोलले तो, "सोड."

"न्हाई सोडत."

"लोकं बघून राह्यले. सोड म्हनतो ना."

"बघू द्या. हात खाली ठेवा तुम्ही."

थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर काहीतरी गरम ओघळलं. ते काय होतं ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. त्याबद्दल आम्ही आजवर बोललो नाही. इथंही एवढंच लिहिते.

शिड्या आल्या, दोन्हीकडून माणसं चढली, दादांना गाठींवर उतरवलं. अशा लटकलेल्या माणसाला लगेच आडवं पाडायचं नसतं, अडकलेलं रक्त एकदम फिरतं असं आम्हाला शिकवलेलं, म्हणून मी "टेकून बसवा, टेकून बसवा" म्हणत होते. ते भिंतीला टेकून बसले, डोळे मिटून. ॲम्ब्युलन्स आली, जालन्याला नेलं. गळ्यावर वळ, काखेत कातडी सोललेली, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात.

ज्या बेल्टानं एकदा माणूस झेलला तो कितीही धड दिसला तरी पुन्हा वापरायचा नाही, असा नियम आहे. त्यांचा बेल्ट मीच कापला. मांडीचे पट्टे कापताना दिसलं की बक्कल शेवटच्या भोकाच्याही पुढं, स्वतः पाडलेल्या एका भोकात लावलेलं होतं. चाकूनं पाडलेलं भोक. सकाळी तपासताना ते पट्टे मी हातात घेतलेच नसणार, दादांचा बेल्ट म्हणून. कुणी तपासलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. आणि तपासायला होतं कोण?

मग भावकीत गाजावाजा सुरू झाला. जिनिंगच्या कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. पडलेलं आलं नव्हतं, मिठीपासून पुढचं आलं होतं. ते अंबडपर्यंत पोचायला संध्याकाळ लागली नाही. कुणी "वाघीण" लिहिलं, कुणी हसणारी तोंडं टाकली. एका चुलत सासूनं सांगून पाठवलं, "डोक्यावर पदर तरी घ्यायचा." घरचे आमचे मालक, दादांचे धाकटे भाऊ, बियाणांच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, फार बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटावर बसून म्हणाले, "तू नसती तर मह्या भावाचं काय झालं असतं, हे कोणी म्हनंना." आणि जेवले.

सगळे मला समजावत होते की त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांना वाटत होतं, मी मिठीमुळं मान खाली घालते. मी कुणाला काही सांगितलं नाही. वाघीण म्हणणाऱ्यांना तर नाहीच. सांगितलं असतं की मिठी मारायची वेळ कशामुळं आली, तर वाघिणीचं काय राहिलं असतं?

दादा गावी जाऊन बसले. कामावर यायचं नाव काढीनात. माझ्यासमोर येईनात. मी गावाकडं गेले तर मागच्या दारानं शेतात जायचे. थोरल्या जाऊबाई, वच्छलाबाई, त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो, त्या माझ्याशी धड बोलत नव्हत्या. एकदा भांडी घासताना पाठ करूनच म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला साऱ्या जिल्ह्यात उघडा पाडला तुम्ही."

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, मी पाडला की पट्ट्यानं? त्यांनी पट्ट्याला भोक पाडलं व्हतं चाकूनं. म्हाईत हाय तुम्हाला?"

बाईंच्या हातातलं पातेलं थांबलं. मग त्यांनी नळ बंद केला आणि खाली बसल्या.

"म्हाईत हाय," म्हणाल्या. "मीच चाकू दिल्ता."

मला काही कळेना.

"त्यांना जांघेत गाठ हाय. कधीची. उठलं-बसलं की उतरती. पट्टा आवळला की जीव जातो, असं म्हनायचे. मी म्हनलं, दवाखान्यात दाखवा. तर म्हने, गावात बोभाटा व्हईल. म्हने, मुकादमाला असलं दुखणं हाय म्हनून कळलं तर वर कोन चढू देईल?"

मी म्हटलं, "मला तरी सांगायचं ना बाई. माझं कामच ते हाय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. तो असता तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कसं सांगनार? अवो, तुम्ही बघनार न्हाई म्हनूनच तर शेठला तुमचं नाव सांगितलं त्यांनी. शेठ कोना पोराला ठेवून राह्यला व्हता. हे म्हनले, न्हाई, आमच्या घरची सून हुशार हाय, तिला ठेवा. घरी येऊन मला म्हनले, दुसरा कोनी असता तर रोज ओढून बघितलं असतं. हिची न्हाई हिंमत व्हायची."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं झालं नसतं. दादांनी माझं नाव सुचवलं हे मला आधीपासून ठाऊक होतं, आणि हुशारीमुळं सुचवलं असं मी माहेरी, सासरी, मैत्रिणींत सांगत आले होते. त्यांनी माझी पारख अगदी बरोबर केली होती. ते चुकले असते तर किती बरं झालं असतं.

मग बाईच म्हणाल्या, "आता काय करावं?"

"दवाखान्यात न्यायचं," मी म्हटलं. "तुम्ही त्यांना सांगा, मला कळलं म्हनून. एवढंच सांगा. पुढं ते काही म्हणले तर मी बघते."

दादा काय म्हणाले ते मला बाईंनी सांगितलं नाही. पण आठवड्याच्या आत दादा मालकांसोबत जालन्याला आले. डॉक्टरांनी तपासून हर्निया सांगितला आणि विचारलं, एवढे दिवस घेऊन फिरलात कसे? ऑपरेशन झालं. डबा घेऊन मी जायचे, वॉर्डाच्या दारातून बाईंच्या हाती द्यायचे आणि परत फिरायचे. एकदा बाई खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मी डबा कॉटजवळ ठेवला आणि निघाले, तर दादा छताकडं बघत म्हणाले, "बस."

मी स्टुलावर बसले. ओढणी घ्यायला हात गेला, मग तसाच खाली घेतला.

"मी लई वाईट वागलो तुझ्याशी," दादा म्हणाले.

मला तिथंच सांगायला हवं होतं. दादा, ते पट्टे मला रोज दिसत होते. तुम्ही लपवत होता, पण मला दिसत होतं, आणि दिसूनही मी बघत नव्हते. तुमचं दुखणं तरी होतं. माझं काय होतं? हे सगळं माझ्या मनात अगदी शब्दन् शब्द तयार होतं. मी म्हणाले, "डबा गरम हाय तवर खाऊन घ्या."

डॉक्टरांनी त्यांना उंचावर चढायला कायमची मनाई केली. शेठनं त्यांना माझ्या हाताखाली दिलं, बेल्टच्या कामाला. लोक म्हणाले, मुकादमाची ही काय गत झाली. दादांनी ते मनावर घेतलं नाही. आता सकाळी रांग लागली की ते पुढं उभे राहतात. मांडीचे पट्टे तेच ओढून बघतात, कुणाची गय न करता.

नवी टोळी आली की पट्टे ओढण्याआधी ते आणखी एक करतात. कुणी सांगितलेलं नाही, त्यांचं त्यांनीच सुरू केलं. सगळ्यांना गोल उभं करतात आणि म्हणतात, "ऐका. मला जांघेत गाठ व्हती. लाजंपायी कोनाला सांगितली न्हाई. पट्टा ढिल्ला ठेवला, लटकलो, मरता मरता वाचलो. तुमच्यातल्या कोनाला तसलं काही दुखणं असंल, तर मला येऊन सांगा. बाईमान्साला न्हाई सांगता येत, मला म्हाईत हाय. मला सांगा. कामावरून काढू देनार न्हाई, हलकं काम देऊ."

हे बोलताना त्यांचे कान लाल होतात. पण एकही शब्द गाळत नाहीत. आणि नंतर हळूहळू एकेक जण त्यांच्याकडं येतो. कुणाला मूळव्याध, कुणाला गाठ, कुणाला फिट येते, कुणाचं नुसतंच डोकं फिरतं वर गेल्यावर. एवढी वर्षं अशी किती माणसं माझ्यापुढून मुठी दाखवून वर गेली असतील.

बोलून झालं की दादा माझ्याकडं बघतात. दर वेळी. तसं काही मागत नाहीत, फक्त थांबतात. मला वाटतं, ते पट्टे मला दिसत होते हे त्यांना माहीत असावं. लोंबते पट्टे खालून कसे दिसतात हे ज्यानं आयुष्यभर खालून वर माणसं चढवली त्याला ठाऊक नसेल कसं? त्यांचा भाग त्यांनी सांगितलेला असतो. आता माझा सांगायचा असतो, याच माणसांसमोर. मी तोंड उघडते, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणते, "चला, पुढं या."